वरच्या पाहुण्याची चौकशी

परग्रहावरून आलेल्या माणसाला मामा असतो का, हा प्रश्न मला आयुष्यात एकदाच विचारला गेला. विचारणाऱ्या बाई पारनेरला आपल्या घराच्या ओट्यावर वाटाणे सोलत बसल्या होत्या आणि त्या मुळीच थट्टा करत नव्हत्या.

"मामा न्हाई म्हन्जी? आई तरी हाय का न्हाई त्येला?"

"आहे," मी म्हणाले. आई मी माझ्या कथेच्या तिसऱ्या भागात दाखवली होती.

"आई हाय, मंग आईला भाऊ नसंल? एकुलती एक हाय का ती? तर तसं लिव्ह. पन कायतरी लिव्ह बाई. मामाचं गाव कळल्याबिगर मला म्होरं वाचवत न्हाई."

या माझ्या घरमालकीण. बँकेच्या नोकरीत बदली होऊन मी पारनेरला गेले तेव्हा त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या मला मिळाल्या. मिळाल्या म्हणजे, माझी आई कुठली, मामा काय करतो, मामी कशी आहे, हे सगळं सांगून झाल्यावर मिळाल्या. भाडं किती ते शेवटी, किल्ली देताना सांगितलं. मी त्यांना मावशी म्हणायचे.

फोनवर कथा वाचायची जी अ‍ॅपं असतात, त्यांतल्या एकावर मी टोपणनावानं एक प्रेमकथा लिहीत होते. नायक दुसऱ्या ग्रहावरचा. त्याचं यान पारनेरच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगेत उतरतं, आणि एवढी पाती गरगरत असताना आणखी एक फिरणारी वस्तू कुणाच्या ध्यानात येत नाही. नायिका जवळच्या वस्तीवरची, दूध संकलन केंद्रात काम करणारी. नायकाचा रंग किंचित निळसर, तो आनंदला की अंगातून उजेड फाकतो, त्याला अन्न लागत नाही आणि नायिकेच्या मनातलं त्याला न सांगता कळतं. वाचक बायका त्याच्यावर जीव टाकत होत्या. 'असा नवरा मलाच का नाही' ही ओळ तर मला दर भागाखाली सापडायची.

बँकेत कुणालाही याचा पत्ता नव्हता. मावशींना महिनाभरात लागला. एके दिवशी मी कामावरून आले तर त्या चष्मा लावून पायरीवर बसलेल्या, हातात फोन.

"आमच्या पायरीची फरशी फुटलीय, ती अख्ख्या महाराष्ट्राला सांगितलीस व्हय?"

नायिकेच्या घराला मी त्यांचीच पायरी दिली होती, तडा गेलेल्या फरशीसकट. मी ओशाळून काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पन ह्यो जो वरचा पावना आनलाय, त्येची चौकशी कोन करनार?"

हे त्यांनी सहज विचारलं नव्हतं. मावशी तालुक्यात सोयरिकी जमवण्यासाठी प्रसिद्ध होत्या, आणि त्याहून अधिक चौकशीसाठी. कुणाचं स्थळ आलं की पोरीचे आईबाप आधी मावशींकडे यायचे. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "पोहे खाताना समदेच शहाने दिसत्यात," असं म्हणायच्या. मुलाच्या गावात जायचं, पण मुलाच्या घरी नाही. देवळातही नाही, तिथं लोक बरं तेच बोलतात. पिठाच्या गिरणीत दळण घेऊन बसायचं. तिथून जायचं ते मुलाच्या बांधाशेजाऱ्याकडे. ज्याच्या बांधाला बांध लागून आहे तो माणूस कुणाचं काय ते खरं जाणतो, हा त्यांचा सिद्धांत.

परक्या गावात जायला निमित्त लागतं. मावशींचं ठरलेलं निमित्त शेळीचं. 'शेळी घ्यायची हाय, कुनाकडं हाय का?' असं विचारत त्या गावभर फिरायच्या, आणि सौदा फारच जमून आला तर माघार घेणं बरं दिसायचं नाही म्हणून शेळी घेऊनच परतायच्या. परड्यात अशा पाच-सहा शेळ्या होत्या. सासरी आलेल्या सुनांना माहेरच्या गावावरून हाक मारतात, तशा मावशी त्यांना हाका मारायच्या. सुपेवाली, ढवळपुरीवाली, निघोजवाली. सुपेवाली भारी मुजोर होती. पण तिच्या गावचं स्थळ मात्र चांगलं निघालं होतं म्हणे.

ओट्यावर आणखी एक बाई असायच्या, मावशींच्या धाकट्या चुलत जाऊबाई. मावशींनी जमवलेली ही पहिली सोयरीक. स्वतः नवीन सून असतानाच त्यांनी दिरासाठी ही मुलगी शोधून आणली होती. जाऊबाई कमी बोलायच्या, जास्त हसायच्या.

कथा मावशी स्वतःच्या स्वतः वाचायच्या. पण संध्याकाळी मी खाली उतरले की हुकूम व्हायचा, "खालचं वाच." खालचं म्हणजे भागाखालचे वाचकांचे अभिप्राय. गोष्टीपेक्षा त्यांना खालच्यात जास्त रस. मी एकेक अभिप्राय वाचायचा, जाऊबाईंनी हसायचं, आणि लिहिणारी बाई कोण, कशी, हे मावशींनी सांगायचं.

'पुढचा भाग मोठा टाका ना प्लीज, लगेच संपतो' असं एक बाई रोज लिहायच्या.

"ही बाळंतीन हाय," मावशी म्हणाल्या. "पोर पाजताना वाचती. तेवढ्यात पोर झोपतं, आन मंग हिला उठावं लागतं."

मी हसण्यावारी नेलं. पुढं त्याच बाईंनी लिहिलं, की लेकीला घेऊन आता सासरी जायचंय, तिथं वाचायला जमेल की नाही कोण जाणे. मावशींनी माझ्याकडे बघितलंही नाही. शेंग सोलत राहिल्या. मला मात्र त्या दिवसापासून अभिप्राय लिहिणाऱ्या बायकांची घरं दिसायला लागली, आणि मी जरा जपून लिहू लागले.

मावशींचे स्वतःचे अभिप्राय सगळे तोंडी. फोनवर लिहा म्हटलं तर म्हणायच्या, "लेखी दिलेलं अंगाशी येतं." पण तोंडी त्यांनी माझ्या नायकाची अशी झडती घेतली, की मला अर्धी कथा बदलावी लागली.

"जेवत न्हाई म्हन्तीस?"

"त्याला लागतच नाही मावशी. तो उन्हावर जगतो."

"मंग रुसल्यावर काय करंल?"

"म्हणजे?"

"मानूस रुसला की जेवत न्हाई. मंग बायकू समजती, ह्येचं कायतरी बिनसलंय. ह्यो कधीच जेवत न्हाई. मंग रुसलाय का सुखात हाय, कसं कळायचं तिला?"

पुढच्याच भागात मी त्याला भाकरी खायला लावली. अ‍ॅपवर गहजब झाला. 'रोमान्सची वाट लावलीत,' 'एवढ्या देखण्या माणसाच्या हातात ठेचा?' असं काय काय लिहून आलं. काहींना आवडलंही. मावशींनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ज्यांना राग आलाय ना, त्या अजून आईच्या हातचं खात्यात."

अंगातून उजेड फाकतो याबद्दल तक्रार नव्हती. "लाइट गेल्यावर तेवढीच सोय," असं जाऊबाई म्हणाल्या. पण मनातलं ओळखणं मावशींना अजिबात खपलं नाही. आवडलं म्हणून वाचक जे लाल बदाम देतात, ते सगळ्यात जास्त त्याच भागाला आले होते. एका बाईंनी तर लिहिलं होतं, की माझ्या नवऱ्याला भाजीत मीठ नाही तेवढं सोडून दुसरं काहीच कळत नाही.

"ह्ये लई वाईट लिवलंस," मावशी गंभीरपणे म्हणाल्या. "बाईच्या मनातलं समदं नवऱ्याला कळाय लागलं तर बाईनं जायचं कुठं? तेवढीच येक खोली असती तिची."

जाऊबाई त्या दिवशी हसल्या नाहीत. मी रात्री वर गेले आणि नायकाची ती शक्ती काढून घेतली. पृथ्वीच्या हवेनं ती हळूहळू क्षीण होते, असं काहीतरी शास्त्रीय कारण दिलं.

आता खरी गोष्ट सांगते. एका गोष्टीतल्या माणसासाठी ही बाई एवढी का झटतेय, याचं मला सुरुवातीला कुतूहल वाटायचं. मग कळलं. मावशींची मुलगी पुण्याला नोकरी करायची. तिनं आपल्याच कंपनीतला एक मुलगा पसंत केला होता, आणि तो होता मेघालयातला. मुलीचे वडील हयात नव्हते. सगळं आईवर होतं. तिनं फोनवर आईला सांगितलं, आई "बरं" म्हणाली आणि शेळ्यांना पाणी पाजायला निघून गेली. त्यानंतर हो नाही की नाही नाही. मुलगी घरी यायची, जायची, आई तिला डबे भरून द्यायची. त्या विषयाचं अवाक्षर नाही.

एकदा मला म्हणाल्या, "त्ये मेघालय दाखीव फोनवर." मी नकाशा काढून दिला. त्यांनी पारनेरवर बोट ठेवलं आणि नकाशा सरकवत नेला. बराच वेळ सरकवत होत्या. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तिथं आपलं कुनीच न्हाई."

तेवढंच. माहेर, सासर, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे, अशी माणसं धरून धरून त्यांचं काम चालायचं. दुनियेतल्या कुठल्याही मुलाची माहिती त्या काढू शकत होत्या, फक्त दुनिया नगर जिल्ह्याएवढी हवी होती. आता स्वतःच्या मुलीची पाळी आली आणि त्यांची विद्या चालेना.

मुलीशी त्या याबद्दल बोलत नव्हत्या, पण माझ्याशी वरच्या पाहुण्याबद्दल रोज भांडत होत्या. त्याला आपल्या माणसांची आठवण येते का? सणाला तो काय करतो? आई आजारी पडली तर सगळं टाकून वर निघून जाईल का? मुलीलाही हे उमगलं होतं. ती मला फोन करायची. "आईचं काय चाललंय?" मी सांगायचे, "माझी गोष्ट वाचतायत." एकदा ती म्हणाली, "ताई, तुम्ही गंमत म्हणून लिहिता, मला माहितीय. पण जरा जपून लिहा हां." एखादा भाग नाट्यमय व्हावा म्हणून मी नायकाला खोटं बोलायला लावलं असतं, तर इकडे एका खऱ्या मुलीचं लग्न मोडलं असतं.

तो मुलगा एकदा पारनेरला येऊन गेला. मुलीनं कसलाही गाजावाजा न करता, 'ऑफिसमधले मित्र' म्हणून त्याला आणखी दोघांबरोबर आणलं. मावशींनी सगळ्यांना पोहे दिले, आणि मग सरळ त्याच्यासमोर पाट ओढून बसल्या.

"मामा किधर के?"

मुलगी लाजेनं भिंतीकडे बघायला लागली. पण त्या मुलाचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्यानं बशी खाली ठेवली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगू लागला. त्यांच्याकडे मामाचा शब्द मोठा असतो. मूल आईच्या कुळाचं मानतात. घरातलं काहीही ठरवायचं तर मामाला बोलावतात. त्याचा मामा डोंगराच्या उतारावर सुपारीची झाडं राखतो, लहानपणी हा त्याच्याबरोबर झाडावर चढायचा, एकदा पडला तर मामानं पाठीवर घालून घरी आणलं. पुण्यात कुणी त्याला हे विचारलंच नसावं. तो थांबेच ना. मावशींना निम्मं कळलं असेल, पण त्या मान हलवत राहिल्या.

पाहुणे गेल्यावर मी आशेनं विचारलं, "काय मावशी? मामा तर चांगला दिसतोय."

"मामा चांगलाच असनार. भाच्याला मामा ग्वाडच लागतो," त्या म्हणाल्या. "त्येच्या बांधाशेजाऱ्याला इचारलं पायजेल." आणि मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, "डोंगराला बांध असत्यात का गं?"

मला माहीत नव्हतं. त्यांचा तो प्रश्न ऐकून मला रडू यायला लागलं होतं, हे मात्र आठवतं.

एव्हाना माझी कथा अशा वळणावर आली होती की पळवाट उरली नव्हती. नायिकेच्या घरी सगळं कळलेलं. मी तिला एक आत्या दिली होती, अर्थात चौकशीत पटाईत. आता आत्यानं नायकाची चौकशी करायची. कुणाकडे? मी दोन दिवस कोरा पडदा बघत बसले. शेवटी हार पत्करून खाली आले आणि मावशींना विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?"

परड्यात सुपेवाली दाव्याला हिसके देत होती, मावशी तिच्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मला सुचलं असतं तर ही पाळी आली असती का?"

मी वर गेले आणि जे होतं तेच लिहिलं. आत्या पठारावर जाते, पवनचक्क्यांच्या मधोमध उभी राहते आणि वर बघते. विचारायला कुणीच नाही. भाग तिथंच तोडला.

खालचं वाढत गेलं. इतके अभिप्राय मला आधी कधी आले नव्हते. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मावशी आणि जाऊबाई मेथी निवडायला बसल्या आणि मी वाचायला. कुणी लिहिलं होतं, आत्याला यानात बसवून वर पाठवा. कुणी म्हणे, नायकाला देवासमोर शपथ घ्यायला लावा. एकीनं सुचवलं की त्याला वर्षभर गावात ठेवून घ्या, पाऊसपाण्यात माणूस कळतो. मावशींनी तिला लगेच ओळखलं, घरजावई केलेल्या मुलीची आई. कुणी चिडलं होतं, एका आत्यापायी प्रेमकथा अडवली म्हणून. मग एक छोटा अभिप्राय आला. नाव नाही, फोटो नाही. फक्त एवढंच: 'पण मुलीला कुणी विचारलंय का? त्याच्याबरोबर तर तीच राहिलीय.'

मी वाचून थांबले. आता मावशी सांगतील, ही अमुक, हिचं तमुक. त्यांच्या हातात मेथीची काडी तशीच राहिली.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"ही कोन हाय, मला सांगता यायचं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि भाजी तशीच टाकून आत गेल्या.

मला वाटलं, मुलीनंच लिहिलं असणार. मी तिला फोन करून विचारलंही. तिनं शपथेवर सांगितलं की नाही. कुणी लिहिलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. असेल कुणीतरी, कुठल्यातरी गावात पाय पसरून बसलेली. मला तिची चौकशी करावीशी फार वाटते.

सोमवारी सकाळी मावशी पुण्याच्या एसटीत बसल्या. शेळ्यांचं जाऊबाईंवर सोपवलं. परत आल्या तेव्हा काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फक्त त्या आठवड्यात मला म्हणाल्या, "तुझ्या गोष्टीतल्या पोरीला आन त्या पठारावर. आत्या बघ कवाची एकटी उभी हाय." मी आणली. दोघींना एका दगडावर बसवलं आणि पूर्ण भागभर बोलू दिलं. तो भाग मी लिहिलेल्यांत सगळ्यात सरळ आहे, आणि मला सगळ्यात आवडतो.

दिवाळीनंतर पारनेरला सुपारी फोडायचं ठरलं. मुलगा आला, त्याची आई आली आणि मामा आला. मामा बुटका, हसरा, डोक्याला मफलर. खोली पाहुण्यांनी भरली होती. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मधे सतरंजीवर दोन्हीकडचे. सगळं गोडीत चाललं होतं, पण कुजबुज होतीच. शेवटी मावशींच्या थोरल्या दिरांनी घसा खाकरला. गावात वजन असलेला माणूस.

"वैनी, येक इचारू का? राग नका मानू. तालुक्याची चौकशी तुमी करता. ह्या स्थळाची चौकशी कुनी केली?"

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता संपलं. मावशींना खोटं बोलता आलं असतं. कोण मेघालयात जाऊन बघणार होतं?

"कुनीच न्हाई केली," मावशी म्हणाल्या.

"मंग?"

"पोरीला इचारलं."

"पोरीला?"

"व्हय. तीन वरसं वळखती ती त्येला. त्येचं आजारपन तिनं काढलं, तिचं त्येनं. त्यो चिडल्यावर कसा वागतो, दुसऱ्याच्या पोरांशी कसा बोलतो, समदं इचारलं. दोन दिस इचारत हुते. कंटाळली ती, पन म्या सोडलं न्हाई." मावशींनी सुपारीचं ताट दिरांपुढं सरकवलं. "एवढी गावं फिरले, भावजी. गिरनीत इचारलं, बांधावर इचारलं. जिला नांदायचंय तिला इचारायचं कधी सुचलंच न्हाई."

दिरांनी मान खाली घातली, मग सुपारीच्या ताटाकडे हात केला. "चला मंग, मुहूर्त टळतोय." पुरुषांकडे पुन्हा बोलणं सुरू झालं. मुलगी उठून आईला बिलगली.

बायकांच्या बाजूला मात्र अजून शांतता होती. तिथं बसलेल्या निम्म्या बायका मावशींच्याच चौकशीनं या गावात नांदायला आलेल्या. मावशींनी मुलीच्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघितलं. जाऊबाई नेहमीसारख्या हसत होत्या, पण हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"आगं, तुला काय झालं रडायला?" मावशी म्हणाल्या. "तुझा नवरा चांगलाच निघाला की."

"व्हय आक्का, चांगलाच निघाला," जाऊबाई म्हणाल्या. "पन इचारायचं हुतं."